हिराबाईच्या काळजाचा कौल

डायबेटिसवाल्यांकडे इतके किस्से का साठतात, याचं कारण साधं आहे. आमचं रक्त दोनदा काढतात. एकदा उपाशीपोटी, मग डबा खायचा, आणि दोन तासांनी पुन्हा. हे मधले दोन तास माणसानं करायचं काय? घरी जावं तर परत येईपर्यंत वेळ टळते. बाकावर बसावं तर शेजारी माणूस असतो, आणि माणूस म्हटला की तो बोलणारच. पनवेलला तळ्यामागच्या गल्लीत आमचं क्लिनिक आहे. तिथं मंगळवार फक्त इन्सुलिनवाल्यांचा. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांना आम्ही आमच्यात धरत नाही. ते अजून बालवाडीत आहेत.

त्या बाकावरची सगळ्यात जुनी मी. शाळा चौथीपर्यंत. पुढं शाळेनं मला सोडलं, मी वाचणं सोडलं नाही. इंग्रजी मला इन्सुलिनच्या खोक्यात घडी घालून कोंबलेल्या कागदानं शिकवलं. तो कागद जगात कोणी वाचत नाही. मी वाचला. एका हातात भिंग, मांडीवर शब्दकोश, आणि एकेक ओळ. डॉक्टरसुद्धा आता माझ्यासमोर जपून बोलतात. बाकावर मला मास्तरीण म्हणतात. काहीजण कौतुकानं, काहीजण वैतागून. मला दोन्ही चालतं.

खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींना आम्ही खो खो हसलो आहोत. त्या हसण्यासारख्या होत्या असं नाही. दोन तास काढायचे होते.

* * *

आमच्या जुन्या डॉक्टरांच्या मुलानं दवाखाना हातात घेतला आणि एक यंत्र आणलं. यंत्र म्हणजे दिसायला एक टॅब. प्राजक्ता नावाची मुलगी तो घेऊन बसते. आपले रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, इन्सुलिन किती वर्षं चालू आहे, सगळं त्यात भरते, मग काही प्रश्न विचारते. शेवटी पडद्यावर रंग येतो. हिरवा, पिवळा किंवा लाल. पुढच्या काही वर्षांत हृदयाला किती धोका, ते त्या रंगानं कळायचं. हेच ते एआय.

डॉक्टरनं आम्हांला छोटंसं भाषणही दिलं. म्हणाला, लाखो पेशंटची माहिती याला शिकवलेली आहे.

मी विचारलं, "त्यातले पनवेलचे किती?"

पोरगा प्रामाणिक. म्हणाला, "माहीत नाही, आजी."

"मग त्याची आणि आमची ओळख कोण करून देणार?"

बाक हसला. पण माझं यंत्राबद्दल वाईट मत नव्हतं, हे इथंच लिहून ठेवते. वर्षानुवर्षं साखर असलेल्या माणसाच्या नसा बधिर होतात. काळीज आतून बिघडत असतं आणि छातीत कळ येत नाही. हे मी वाचलेलं आहे. न दुखणारं दुखणं कोणी आधी सांगत असेल तर मी त्याच्या पाया पडेन. त्याला पाय नसले तरी.

पहिल्याच दिवशी हिराबाईचा नंबर लागला. हिराबाई करंजाड्याची, आगरी, आणि बाकावरची माझी कायमची शेजारीण. ती धवलारीण. आगरी लग्नात मांडव घातल्यापासून वरात निघेपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "भट उशिरा आला तर चालतंय. मी उशिरा गेले तर नवरी पाटावरून उठत नाय."

प्राजक्तानं विचारलं, जिना चढताना धाप लागते का?

"लागतं ना. म्हनून तर मी खालच्या खोलीत ऱ्हाते."

झोपेत श्वास अडकतो का?

"मी बसूनच झोपते."

घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का?

"बापूस बांधावर बसला, तो उठलाच नाय."

पडदा लालभडक झाला. डॉक्टरनं तिला लगेच आत घेतलं आणि सांगितलं, मुंबईला जाऊन अँजिओग्राफी करायची, या महिन्यातच. पुढच्या महिन्यात तिच्या नातीचं लग्न होतं. तिनं विचारलं, लग्नाच्या आधी का नंतर? तो म्हणाला, आधी. नंतरचा विचारसुद्धा करू नका.

ती बाहेर आली, बाकावर बसली आणि तिनं डबा उघडला. भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत राहिली.

"तो बोलतो, तुजं काळीज खराब हाय. खराब काळजानं कोन गातं का, मास्तरीण?"

त्या दिवसापासून आमच्या मंगळवारांना एकच विषय उरला. हिराबाई मुंबईला जाते की नाही.

* * *

खारघरचे नाडकर्णी निवृत्त अधिकारी. नेमाचा माणूस. तपासणी जवळ आली की भात बंद, चहा बिनसाखरेचा, पहाटे सेंट्रल पार्कला फेऱ्या. तपासणी झाली की उरलेले दिवस मोकळे. बाकावरचे निम्मे लोक असंच करतात. त्यामुळे यंत्र ज्यांचं भविष्य सांगतं ती माणसं फक्त तपासणीच्या आठवड्यात जिवंत असतात, असं माझं मत झालेलं आहे.

नाडकर्णींचा रंग हिरवा आला. त्यांनी पडद्याचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि आम्हां प्रत्येकाच्या नाकासमोर फोन नाचवला. हृदयाला काडीचाही धोका नाही म्हणाले.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं विणकामातून मानही वर केली नाही.

"नसणारच. यांनी ते कधी वापरलंय कुठं?"

अख्खा बाक फुटला. सगळ्यात जास्त हिराबाई हसली. हसता हसता तिला असा दम लागला की तिनं बाकाची कड पकडली, आणि ओठ जांभळे दिसायला लागले. नाडकर्णीणबाईंनी सुया टाकून तिची पाठ चोळली.



* * *

मुकादमाचा किस्सा तर पनवेलभर झाला.

आमच्याकडे वीटभट्टीवरची सोमी यायची. कातकरी, तरुण पोर, अंगाला फक्त हाडं. तिला लहान वयातच इन्सुलिन लागलेलं. भट्टीवर फ्रीज कुठला? ओल्या फडक्यात गुंडाळून ती बाटली माठाच्या बुडाशी ठेवायची. तिचाही रंग लाल आला. त्या दिवशी डॉक्टर तातडीच्या कॉलवर बाहेर होता. प्राजक्ता म्हणाली, मेसेज जाईल. यंत्र आपोआप मेसेज पाठवतं.

मेसेज गेला. पण सोमीकडे फोन नव्हता. भट्टीवरचं कोणीही कुठंही नंबर देतं तो मुकादमाचा. रेशनला तोच, दवाखान्याला तोच. आणि मेसेजमध्ये नाव नसतं, पेशंटची गोष्ट गुप्त राहावी म्हणून! मुकादमानं भर उन्हात फोन उघडला आणि वाचलं, "आपल्या हृदयाला गंभीर धोका आहे. त्वरित संपर्क साधा."

तो जागच्या जागी खाली बसला. त्याला गाडीत घालून कळंबोलीच्या हॉस्पिटलात नेलं. मशिनी लावल्या, नळ्या लावल्या, असतील नसतील त्या तपासण्या केल्या. काळीज एकदम ठणठणीत निघालं. त्यानं पेढे वाटले आणि मग आमच्याकडे भांडायला आला. तेव्हा कुठं उलगडलं की लाल रंग सोमीचा होता.

मी विचारलं, सोमी कुठाय?

"भट्टी उठली ना, आजी. ती माणसं गेली."

"कुठं गेली?"

"ती काय सांगून जातात?"

डॉक्टरनं शोधायचा प्रयत्न केला. खरंच केला. जवळच्या कातकरी वाडीवर माणूसही पाठवला. पण आमच्याकडे तिचा पत्ता म्हणून होता तो मुकादमाचा फोन, आणि तो माणूस आमच्यासमोर पेढ्याचा पुडा घेऊन उभा होता.

पेढा कोणी घेतला नाही. घेता येत नव्हताच. हिराबाई हळूच म्हणाली, "तिला कोनी सांगितलाच नाय. आनि मना सांगितला. पन दोघी हाव तितंच हाव ना?"

मी तिला म्हटलं, तू नाहीस तिथं. तू उद्या मुंबईची गाडी धर. तिनं डबा बंद केला.

* * *

फरीदाआपा मोहल्ल्यातल्या. बोलणं कमी आणि नेमकं. त्यांचा एकुलता मुलगा दुबईला. त्यांचा रंग लाल आला तेव्हा त्यांनी दुपट्टा सारखा केला आणि प्राजक्तालाच धीर दिला, कारण ती पोर रडवेली झाली होती.

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आपांनी फोन असा धरला की मागं दवाखान्याची पाटी दिसू नये. बाजारात आले आहे म्हणाल्या. तब्येत? एकदम फर्स्टक्लास. कॉल संपला आणि त्या आमच्याकडे वळल्या.

"अल्ला को मालूम है, मशीन को मालूम है, तुम सबको मालूम है. बस, दुबईवाले को मत बोलना. बच्चा परेशान होता है."

हिराबाईनं त्यांचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. त्या दिवशी त्यांचं काही अडलं नाही.

* * *

आता दिनेशबद्दल लिहिते. हिराबाईचा मुलगा. सरकारनं घेतलेल्या शेतीच्या मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यानं इमारत उभी केली, खालीच आईला खोली दिली, दर मंगळवारी गाडीतून आणायचा, दार स्वतः उघडायचा. वाईट माणूस असता तर मला हा किस्सा लिहायला सोपा गेला असता.

एका मंगळवारी डॉक्टर परगावी गेलेला. दिनेश आईला घेऊन आला आणि प्राजक्ताला म्हणाला, परत एकदा लावा.

'लावा' हा शब्द ऐकला आणि माझ्या लक्षात आलं काय चाललंय. त्यांच्या गावात देवीला कौल लावतात. पाण्यात भिजवलेली पाकळी मूर्तीला चिकटवायची आणि वाट बघायची. उजवीकडे पडली तर देवी हो म्हणाली, डावीकडे पडली तर नाही. डावा कौल आला की कोणी घरी जात नाही. भगत गाऱ्हाणं घालतो, प्रश्न जरा फिरवून विचारतो, आणि पुन्हा पाकळी लावतो. उजवा पडेपर्यंत.

प्राजक्तानं विचारलं, जिना चढताना धाप लागते?

दिनेश म्हणाला, "आई जिना चढतच नाय. मग नाय लिवा."

झोपेत श्वास?

"अडकत नाय. बसून झोपते ना ती."

पडदा पिवळा झाला. दिनेशनं हुश्श केलं नाही. खुर्ची पुढं ओढली. आईच्या वडिलांच्या हृदयविकाराचं उत्तरही त्याला बदलायचं होतं. आजाला काय झालं ते बघायला बांधावर डाक्टर बसला होता काय? ऊन लागलं असेल. साप डसला असेल. ते नाय लिवा. इन्सुलिन कधीपासून? आधी ती घ्यायचीच कुठं नीट, ती वर्षं काय धरता?

हिराबाई शेजारी बसून पडद्याकडं बघत होती. देवळात पाकळीकडं बघतात तशी. मधेच श्वास धरून.

पडदा हिरवा झाला. दिनेशनं पडद्याला हात जोडले.

मी उठले. मला राग आला की मी हळू बोलू शकत नाही. म्हटलं, दिनेश, देवीला प्रश्न फिरवून विचारतात, काळजाला नाही. त्याला आतलं सगळं ठाऊक आहे. यंत्र फसलं, ते फसणार नाही.

तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं.

"मास्तरीण आजी, मना काय आई जड झालीय काय?" डोळे भरले होते त्याचे. "पोरीच्या मांडवात आई पायजे. मुंबईला नेली आनि तितंच काय झाला तर? आता हिरवा आलाय. निदान महिनाभर मना झोप लागू दे."

डॉक्टर परत आल्यावर मी केबिनमध्ये घुसून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं माझ्यासमोरच दिनेशला फोन लावला, समजावलं, रागावला, विनवलं. पलीकडून दिनेशचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"डाक्टर, मशीन तुमीच आणली. लाल बोलली तवा तुमी बोललात, हिचा ऐका. आता हिरवा बोलते तर बोलता, ऐकू नका. मी कोनाचा ऐकू?"

डॉक्टरकडं उत्तर नव्हतं असं नाही. पण ते फोनवर सांगण्याइतकं लहान नव्हतं, आणि फोन ठेवला गेला होता.

* * *

मग मी करंजाड्याला गेले. हिराबाईच्याच तोंडून काय ते ऐकायचं ठरवून.

पाण्याच्या पंपाशेजारची खोली. हिराबाई उशांना टेकून बसली होती आणि बारीक आवाजात धवले म्हणत होती. एक ओळ म्हणायची, थांबायची, पुढची म्हणायची. पूर्वी ती एका श्वासात तीन-चार ओळी काढायची, मी ऐकलेलं आहे. मला बघून म्हणाली, आलीस भांडायला? बस, पानी पी.

मी भांडले. हिरवा रंग खोटा आहे, तो तुझा नाही, तो दिनेशनं सांगितलेल्या कुठल्यातरी बाईचा आहे, असं सांगितलं. तिनं मान डोलावली. म्हणाली, मना म्हाईत नाय काय? मना तर लाल यायच्या आधीपासून म्हाईत हाय.

"मग?"

"समज, गेले मी. त्यांनी माजं काळीज नीट केला. मी वाचले, पन महिनाभर खाटेवर पडून. आनि नातीची हळद स्पीकर लावून झाली. मग ती वाचलेली मी कोन?"

मी म्हटलं, "माझी शेजारीण."

ती हसली. जपून हसली, दम लागू नये म्हणून.

"तेवढ्यासाठी कोन ऱ्हातं गं?"

* * *

लग्नाला मी गेले होते. तिनं गायलं. सगळं गायलं. मधे मधे थांबायची तेव्हा बायकांना वाटायचं, म्हातारी मुद्दाम रंगवतेय. नवरी पाटावरून उठली तेव्हा हिराबाईनं गर्दीतून मला शोधलं आणि भुवया उडवल्या, जणू पैज जिंकली.

नात पहिल्यांदा माहेरी आली त्या दुपारी हिराबाई गेली. उशांना टेकून, बसल्या बसल्या. छातीला हात नाही, हाक नाही. सून चहा घेऊन आली आणि कप तिच्यासमोर ठेवून परत गेली, इतकी ती नेहमीसारखी दिसत होती.

दिवसकार्य झालं. पुढच्या मंगळवारी दिनेश दवाखान्यात आला. मुंडण केलेलं डोकं, अंगात पांढरा शर्ट. हिराबाईच्या जागी बसला. आमचे ते दोन तास तो आमच्याबरोबर बसून होता. नाडकर्णीणबाईंनी आपल्या डब्यातलं अर्धं थालीपीठ त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते खाल्लं.

मग तो उठला, प्राजक्तासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसला.

"आईचा नाव काढा," म्हणाला. "आता मी सगळा खरा सांगतो. धाप लागायची. बसून झोपायची. आजा तसाच गेला. तुमी भरा. मना बघायचाय ती मशीन काय बोलते."

प्राजक्तानं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं हिराबाईचं नाव काढलं आणि बोट तिथंच थांबलं.

दिनेशनं विचारलं, काय विचारते?

तिनं अगदी हळू वाचून दाखवलं.

"पेशंट आत्ता समोर हजर आहे का?"

दिनेशनं खुर्ची पुढं ओढली.

"हाय," म्हणाला. "लिवा."